खरोशाचा डोंगर आणि तेरणा-मांजराचे खोरे

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात, लातूर शहरापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, खरोसा हे लहानसे गाव आहे. गावालगतच्या डोंगरात जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. त्यांची संख्या बारा सांगितली जाते. त्याच डोंगरावर रेणुकादेवीचे मंदिर आहे आणि पीरपाशाचा दर्गाही आहे. मराठवाड्यातील पुष्कळ डोंगरांप्रमाणे ह्या डोंगरावरही एकाहून अधिक श्रद्धांचा राबता आहे. लेणे म्हटले की ते बुद्धाचे, अशी आपल्या समाजाची स्वाभाविक धारणा आहे. आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांतही खरोशाचे पहिले लेणे बुद्धाचे असून त्यात तथागतांची बसलेली मूर्ती आहे, असे लिहिलेले आढळते. त्यामुळे खरोसा आपले आहे काय, हा प्रश्न बौद्ध वाचकाच्या मनात उभा राहतो. ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ डोंगर पाहून मिळणार नाही. त्यासाठी डोंगराभोवतीचा प्रदेश, त्यातील नद्या, वाटा आणि जुनी नगरे ह्यांचा विचार केला पाहिजे.

जुन्या ग्रंथांत ह्या स्थळाचा शोध घेणाऱ्यास प्रथम नावाची अडचण येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जेम्स बर्जेस ह्यांनी 1875–76 च्या हंगामात निजामाच्या राज्यातील बिदर व औरंगाबाद ह्या भागांची पाहणी केली. तिचा अहवाल 1878 साली प्रसिद्ध झाला. त्यात धाराशिव व औरंगाबाद येथील लेण्यांबरोबर खरोशाचे वर्णन आहे, मात्र ते ‘करुसा’ ह्या नावाखाली. फर्ग्युसन आणि बर्जेस ह्यांच्या 1880 सालच्या लेणीविषयक ग्रंथातही हेच रूप येते आणि तेथे ही लेणी ब्राह्मणी लेण्यांच्या विभागात घातलेली आहेत. पुढे 1982 साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत खरोसा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. म्हणून जुन्या सूचींत लातूर हे नाव शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि मग ह्या लेण्यांकडे संशोधकांनी कधी पाहिलेच नाही असा गैरसमज पसरतो.

आता प्रदेशाकडे वळू. सह्याद्रीपासून फुटलेली बालाघाटची रांग अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड, धाराशिव, लातूर अशी आग्नेयेकडे उतरत नांदेड जिल्ह्यात कंधार-मुखेडच्या बाजूस जाते. ह्या रांगेत उंच शिखरे नाहीत. सपाट माथ्याची पठारे आणि त्यांच्या कडांना सुटलेले ठेंगणे डोंगर असेच तिचे रूप आहे. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूस उगम पावणारी मांजरा नदी ह्या पठाराचे पाणी घेत लातूर जिल्ह्यातून बिदरकडे जाते, मग तेलंगणात उत्तरेकडे वळते आणि नांदेड जिल्ह्याची सीमा धरून कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. तिचा प्रवास सातशे किलोमीटरांहून अधिक आहे. तेरणा ही तिची प्रमुख उपनदी. ती धाराशिव जिल्ह्यातील तेर गावावरून वाहत येते, औसा व निलंगा तालुक्यांच्या दक्षिण भागातून पुढे जाते आणि मांजरेत विलीन होते. खरोशाचा डोंगर ह्या तेरणेच्या उत्तरेस आहे. वाचकांनी नकाशा समोर ठेवून तेरपासून बोट फिरवीत आणले, तर तेरणा, मांजरा आणि गोदावरी ही एकच सलग वाट असल्याचे ध्यानात येईल. माझ्या मते खरोशाच्या इतिहासाची किल्ली ह्या वाटेत आहे.

दगडाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील विवेचनात त्याचे महत्त्व आहे. अजिंठा-वेरूळची लेणी काळ्या बेसाल्ट खडकातील आहेत. बिदर आणि त्यालगतच्या पठारांवर मात्र बेसाल्टच्या माथ्यावर जांभ्याचा थर आढळतो. ऊन आणि पाऊस ह्यांनी मूळ खडक दीर्घकाळ कुजून लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली की जांभा तयार होतो. तो ताजा असता मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो, म्हणून खोदावयास सोपा. परंतु त्याचा पोत सच्छिद्र व खरबरीत असल्यामुळे त्यात बारीक नक्षी टिकत नाही. वस्त्राची कड, बोटांची ठेवण, छातीवरचे चिन्ह अशा ज्या सूक्ष्म गोष्टींवरून मूर्ती ओळखावयाची, त्याच जांभ्यात प्रथम झिजून जातात.

तेरणेच्या वरच्या अंगास असलेले तेर हे ह्या प्रदेशातील सर्वांत प्राचीन आणि सर्वांत बोलके स्थळ होय. मराठी मनाला तेर ठाऊक आहे ते संत गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या सागरी व्यापाराच्या ग्रंथात दक्षिणापथाच्या ज्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत, त्यांतील एक पैठण आणि दुसरी तगर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे तो लेखक म्हणतो. तगरहून जाडे कापड व निरनिराळ्या प्रकारची मलमल गाड्यांतून भडोचकडे जात असे. हे तगर म्हणजे देवगिरी, की जुन्नर, की आणखी कोणते नगर, ह्याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. जे. एफ. फ्लीट ह्यांनी 1901 साली तगर म्हणजे तेर असे सिद्ध केले, आणि हेन्री कझिन्स ह्यांनी स्थळाची पाहणी करून त्यास पुष्टी दिली.

कझिन्स ह्यांचे त्याहून मोठे कार्य असे की, तेर येथे त्रिविक्रमाचे म्हणून पूजिले जाणारे जे विटांचे देवालय आहे, त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाकार असल्याचे त्यांनी दाखविले आणि ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असली पाहिजे, असे मत मांडले. बहुतेक अभ्यासकांनी ते स्वीकारले. कार्ले, भाजे येथे डोंगरात कोरलेली चैत्यगृहे आपण पाहतो; ती ज्या विटा-लाकडाच्या वास्तूंवरून बेतली गेली, त्या प्रकारची एक वास्तू छतासकट उभी असलेली पाहावयास मिळणे ही भारतभरात दुर्मीळ गोष्ट आहे. चापाकार वास्तू केवळ बौद्धांच्याच असत असे मात्र नाही. नागार्जुनकोंड्यास ब्राह्मणी देवतांचीही तशी मंदिरे सापडली आहेत. म्हणून एकट्या आकारावरून निकाल देता येत नाही, हा आक्षेप योग्य आहे. परंतु तेर येथे केवळ आकार नाही. 1958 पासून पुढे झालेल्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले आणि 1960 च्या दशकात विटांच्या स्तूपाचे अवशेषही उघडकीस आले. गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, दिवे, मणी असा जो संचय आहे, तो रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देतो. व्यापारी, कारागीर आणि भिक्षुसंघ ह्यांचा जो परस्परसंबंध कार्ले, नाशिक व कान्हेरीच्या दानलेखांत दिसतो, त्याच कुळातील नगर तेर होते. आपल्या प्रदेशातील बौद्ध इतिहासाचा दावा उभा करावयाचा असेल, तर त्याचा पाया तेर येथे घालावा.

तेरपासून नदीबरोबर खाली चालू लागले की साठ-सत्तर किलोमीटरवर खरोशाचा परिसर लागतो. त्याच्या पलीकडे मांजराकाठच्या प्रदेशात, संगारेड्डीजवळ, कोंडापूर हे सातवाहनांचे आणखी एक नगर होते. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी ह्यांनी 1940 च्या दशकाच्या आरंभी तेथे उत्खनन केले. नाण्यांबरोबर बौद्ध वास्तूंचेही अवशेष तेथे मिळाले. मांजरा जेथे गोदावरीस मिळते, त्या संगमापासून जवळच तेलंगणातील बोधन आहे. पुष्कळ विद्वान बोधन म्हणजेच पाली ग्रंथांतील पोतन किंवा पोतली, अर्थात अस्सक जनपदाची राजधानी असे मानतात.

अंगुत्तरनिकायात जी सोळा महाजनपदे मोजली आहेत, त्यांत विंध्याच्या दक्षिणेचे जनपद अस्सक हे एकच. दीघनिकायातील महागोविंदसुत्तात अस्सकांचे नगर पोतन असल्याचा उल्लेख येतो. आणि सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी ब्राह्मणाची कथा आहे. तो कोसलाहून दक्षिणेस येऊन, अस्सकाच्या राज्यात, अळकाच्या (काही पाठांत मुळकाच्या) शेजारी, गोदावरीच्या तीरावर राहिला होता. तथागतांच्या संबोधीची वार्ता ऐकून त्याने आपल्या सोळा शिष्यांना प्रश्न घेऊन पाठविले. ते पतिट्ठान म्हणजे पैठण, मग माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी अशा वाटेने निघाले आणि अखेर मगधात पासाणक चेतियापाशी पोहोचले. त्यांतील पिंगियाने वृद्ध बावरीकडे परत येऊन तथागतांचे वर्णन केले. मराठवाड्याच्या भूमीचा धम्माशी आलेला हा वाङ्मयातील सर्वांत जुना संबंध होय.

नांदेड जिल्ह्यात अर्धापूर तालुक्यातील दाभड येथील महाविहारास बावरीनगर हे नाव दिले गेले आणि तेथे दरवर्षी भरणाऱ्या धम्म परिषदेस हजारो उपासक-उपासिका जमतात, हे वाचक जाणतातच. हे नाव सार्थ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयास मिलिंद आणि त्याच्या परिसरास नागसेनवन हे नाव दिले, त्याच परंपरेतील ते आहे. नागसेन तेथे राहत होते म्हणून ते नाव दिलेले नाही. प्रश्न विचारणाऱ्या व उत्तर देणाऱ्या दोघांची आठवण विद्यार्थ्यांसमोर राहावी म्हणून दिलेले आहे. बावरीनगरही त्याच अर्थाने घ्यावे. बावरीचा आश्रम नेमक्या ह्याच जागी होता असे विधान त्यावरून कोणी करू लागला, तर तो स्मरण आणि पुरावा ह्यांची गल्लत करतो. गोदावरीकाठच्या इतरही काही गावांनी बावरीवर हक्क सांगितला आहे. पाली मजकूर मात्र जनपद आणि नदी ह्यांच्यापलीकडे ठिकाण सांगत नाही.

आता प्रत्यक्ष खरोशाच्या लेण्यांकडे येऊ. माहितीपत्रकांत त्यांचा काळ सहावे शतक, ‘गुप्तकाळ’ असा देतात. शतक बरोबर असले तरी विशेषण दिशाभूल करणारे आहे. गुप्तांचे राज्य ह्या प्रदेशावर नव्हते. येथे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे वाशीमची शाखा, सत्तेवर होती. तिच्या विंध्यशक्ती दुसरा ह्या राजाच्या वाशीम ताम्रपटात नांदिकट हे नाव येते आणि ते आजचे नांदेड असल्याचे वा. वि. मिराशी ह्यांनी दाखविले आहे. ह्याच घराण्यातील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा अमात्य वराहदेव ह्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास दान दिले. हरिषेणानंतर वाकाटकांची सत्ता कोसळली आणि अजिंठ्याचे मोठे काम थांबले. सहाव्या शतकात लेणी खोदण्याची कला बंद पडली नाही, परंतु तिला आश्रय देणाऱ्यांची दैवते बदलली. घारापुरी, जोगेश्वरी, वेरूळची काही आरंभीची शैव लेणी ही त्या बदलाची फळे होत. खरोसा ह्याच मालिकेत बसते. येथील मंडपांत नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण ह्यांची शिल्पे आहेत. मोठी लेणी आरंभापासून ब्राह्मणी देवतांसाठीच खोदली गेली, ह्याविषयी मला शंका वाटत नाही. मूळ बौद्ध मूर्ती फोडून मागाहून येथे शिव कोरला, असे जे कधी कधी बोलले जाते, त्यास शिल्पांची मांडणी आधार देत नाही.

असे असता बौद्ध वाचकाने खरोशाकडे का पाहावे? एक कारण शब्दातच आहे. ‘लेणे’ हा मराठी शब्द पाली ‘लेण’ पासून आलेला आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंना जी पाच निवासस्थाने अनुज्ञात केली आहेत, ती विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा ही होत. ह्या पाचांनाच तेथे ‘लेण’ म्हटले आहे. म्हणजे मूळ अर्थ आश्रय, निवारा. नाशिक-कार्ल्याच्या शिलालेखांत हाच शब्द डोंगरात कोरलेल्या निवासास लावला आहे आणि पाण्याच्या टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. शैवांनी सहाव्या शतकात डोंगर कोरावयास घेतले, तेव्हा छिन्नी, खांबांची रचना, उजेड आत घेण्याची युक्ती आणि बहुधा पाथरवटांची घराणीही त्यांनी आठशे वर्षांच्या बौद्ध परंपरेकडून घेतली. खरोशाच्या मंडपात उभा राहणारा मनुष्य शिवापुढे उभा असतो, परंतु ज्या प्रकारच्या वास्तूत तो उभा असतो ती संघाने महाराष्ट्रास दिली आहे.

ही देवघेव होत असताना बौद्ध विहार ओस पडले होते, असेही नाही. ह्युएनत्संग इ. स. 641 च्या सुमारास महाराष्ट्रात आला तेव्हा त्याने येथे शंभरांवर संघाराम व सुमारे पाच हजार भिक्षू असल्याचे नोंदविले. देवमंदिरांची संख्याही त्याने शंभराच्या आसपासच दिली आहे. खरोशाची लेणी ह्या काळाला लागून आहेत. दोन्ही परंपरा एकाच वाटेवर, एकाच व्यापाऱ्यांच्या दानावर जगत होत्या.

राहिला प्रश्न पहिल्या लेण्यातील बसलेल्या मूर्तीचा. ह्या प्रदेशात जैन परंपराही जुनी व बलवान आहे. धाराशिवजवळच्या सात लेण्यांत सात फणांच्या पार्श्वनाथाची मूर्ती आहे. अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या अपभ्रंश ‘करकंडचरिउ’ मध्ये तेरपुराजवळच्या लेण्यांची जी कथा आहे, ती ह्याच लेण्यांची समजली जाते. ती लेणी मूळची बौद्ध असून मागाहून जैनांकडे गेली, असे मत म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मांडले. बर्जेस त्यांना जैनच मानीत होते. हा वाद विचारात घेतला, तर खरोशाच्या मूर्तीबाबत आधी कसोट्या ठरविणे इष्ट आहे.

पद्मासनात ध्यानस्थ बसलेली आकृती बुद्धाची असू शकते, तशी तीर्थंकराचीही. बुद्धाच्या डाव्या खांद्यावरून चीवराची कड उतरते आणि ती मनगटाशी किंवा पायाच्या घोट्याशी पुन्हा दिसते. दिगंबर जिनमूर्तीस वस्त्राची रेषाच नसते. भूमिस्पर्श किंवा धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा असेल, तर मूर्ती बुद्धाची. जिन केवळ ध्यानात बसतो किंवा कायोत्सर्गात उभा राहतो. छातीवरचे श्रीवत्स जिनाचे द्योतक आहे, परंतु दक्षिणेतील जुन्या जिनमूर्तींवर ते पुष्कळदा नसते, म्हणून त्याच्या अभावावरून काहीच ठरत नाही. डोक्यावर तिहेरी छत्र असेल तर कल जैनांकडे. आसनावर चक्र आणि दोन हरिणे दिसली की आपले लोक सारनाथ आठवून हर्षभरित होतात. पण ही खूण जैन आसनांवरही येते. नागाच्या फणा मुचलिंदाच्या असू शकतात, पार्श्वनाथाच्याही. शेजारच्या परिचारकांच्या हातात कमळ वा वज्र असेल, तर ते बोधिसत्त्व. नुसती चवरी दोन्ही पंथांत चालते. ह्या सर्वांत निर्णायक खूण चीवराची, आणि जांभ्यात तीच सर्वांत लवकर झिजते. म्हणून ह्या मूर्तीस तूर्त ‘बसलेली मूर्ती’ एवढेच म्हणावे, असे माझे मत आहे.

काही धम्मबांधवांना ही भूमिका थंड वाटेल. पांडवलेणी, सीतेची न्हाणी अशी नावे देऊन आपला इतिहास झाकला गेला, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांचे बौद्धत्व तेथील शिलालेखांनीच सिद्ध केले आहे. त्या डोंगराचे खरे नाव तिरण्हु हेही तेच लेख सांगतात. पण नांदेड जिल्ह्यात माहूर येथील लेण्यांसही पांडवलेणी म्हणतात आणि ती राष्ट्रकूटकालीन मानली जातात. तेच नाव, इतिहास निराळा. महापरिनिब्बानसुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत: कोणी स्थविराच्या, संघाच्या वा प्रत्यक्ष बुद्धाच्या नावाने काही सांगितले, तरी ते लगेच स्वीकारू नये, लगेच धिक्कारूही नये; सुत्त व विनय ह्यांच्याशी ताडून पाहावे. दगडाच्या बाबतीत सुत्त-विनयाच्या जागी शिलालेख, वास्तूची रचना आणि मूर्तीची लक्षणे येतात. ज्या दिवशी आपण शिवाच्या उघड मंडपास बुद्धाचा विहार म्हणू, त्या दिवशी तेरच्या चैत्यगृहाविषयीचे आपले खरे म्हणणेही न ऐकण्यास प्रतिपक्षास निमित्त मिळेल.

खरोशाच्या आसपासची नंतरची स्थळे थोडक्यात सांगतो. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूरपुराचे स्वामी म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे लातूर असे मानले जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्यांचेच नगर. निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर उत्तर चालुक्यांच्या काळाची आठवण देते. त्यांची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथून दक्षिणेस फार दूर नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी जातिभेदाविरुद्ध आवाज उठविला तो तेथेच. औसा व उदगीर येथे किल्ले आहेत. तेरणेच्या काठचे किल्लारी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने साऱ्या जगास माहीत झाले. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली आणि कित्येक गावे नव्या जागी वसवावी लागली. ज्या प्रदेशात आजीच्या घराचीही जागा बदलली, तेथे डोंगर हीच जुन्या वाटांची न हललेली खूण उरते.

विहारांतर्फे ह्या भागात सहल काढावयाची असल्यास ती खरोशापासून सुरू करू नये. आधी तेर येथे संग्रहालय व त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू पाहावी, मग धाराशिवची लेणी, आणि त्यानंतर तेरणेच्या खोऱ्यातून खरोशास यावे. पहिल्या लेण्यातील मूर्तीस गंध, तेल वा रंग लावू नये. त्याने उरलीसुरली लक्षणेही बुजतात. तिची छायाचित्रे घेताना समोरून झोताचा प्रकाश न टाकता एका बाजूने तिरका उजेड पाडावा आणि डावा खांदा, दोन्ही मनगटे, मस्तकाचा माथा व आसनाची पुढची पट्टी ह्यांची चित्रे वेगवेगळी घ्यावीत.